पळसदेवचं आभाळ आणि तुमचा चेहरा

अहो, भिंतीवर लावलेला फोटो तुम्हाला आवडला नसता. आपल्या लग्नातला आहे. अंगातला कोट कुणाकडून मागून आणला होता, हे तुम्हालाही कधी नीट सांगता आलं नाही. मान ताठ, ओठ मिटलेले, नजर फोटोग्राफरच्या मागं कुठंतरी पंगतीकडं. दत्ताभावजींनी तो बारामतीच्या रंगीत लॅबमधून मोठा करून आणला. शेजारी उभी असलेली मी कापून टाकली, माझ्या शालूचा एक कोपरा तेवढा तुमच्या खांद्यापाशी राहिलाय. येणारा माणूस हात जोडतो आणि म्हणतो, "पोपटराव अगदी हुबेहूब." मी आतल्या खोलीतून ऐकते. हुबेहूब कुणासारखे? असे तुम्ही त्या एका दुपारी सोडलं तर आयुष्यात कधी उभे राहिलात?

परवा तुमचा तेरावा झाला. घर अजून भरलेलं आहे. बोलायला माणसं पुष्कळ आहेत. भांडायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

कसं झालं ते लिहिणार नाही. सांगून सांगून तोंडाची चव गेली. काटेवाडीच्या लग्नाचे फोटो उरकून मोपेडवर निघालात, छातीत कळ आली, बारामतीच्या दवाखान्याचं दार गाठलं नाहीत. बास. हे सगळ्यांना माहीत आहे. जे कुणालाच माहीत नाही ते तुम्हाला सांगायचंय, कारण ते फक्त तुम्हालाच कळेल. पळसदेवच्या त्या तीन निगेटिव्ह मी परत बाहेर काढल्या होत्या. तुम्ही "वाया गेल्या" म्हणून बाजूला टाकलेल्या.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे तुम्ही मला किती चिडवून दाखवलंत. "ए बीएस्सी, पाणी आण." "बीएस्सीबाईंनी आज आमटी खारट केली, त्याचं शास्त्रीय कारण काय?" मीही कमी नव्हते. म्हणायचे, बारावीच्या गणितात दोनदा बसलेल्या माणसानं आमटीचं मोजमाप काढू नये. मला शिकल्याचा अभिमान होता आणि आहे. बारामतीला कॉलेजात फिजिक्सच्या वर्गात आम्ही मोजून काही मुली, त्यातली खेड्यातून एसटीनं येणारी मी एकटी. लग्नानंतर ते सगळं चुलीत जाणार असं माझ्या आईलाही वाटत होतं. मी आल्या आल्या आठवड्यातच तुम्ही तुमच्या वडलांना, आबांना सांगितलंत, "आबा, तिला भाकरी थापाय घरात आणली न्हाय. मला स्टुडिओत माणूस पायजे." आबा म्हणाले होते, "मंग भाकरी कोण थापायची, तू?" आणि तुम्ही म्हणालात, "व्हय, मी." दोन दिवस थापल्यासुद्धा. आपल्या कळस गावातल्या त्या घरात पुरुषानं थापलेली भाकरी बघायला शेजारणी आल्या होत्या. ह्या एका गोष्टीसाठी मी तुमच्या पुढच्या सगळ्या चुका माफ केल्या. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही आणखी चुका केल्या असत्यात.

इंदापूरचा तो स्टुडिओ, पुढं बसायला बाक, मागं काळा पडदा आणि पडद्यामागं आपली अंधारखोली. मला वाटतं आपला खरा संसार तिथंच झाला. लाल दिव्याखाली तुमचा चेहरा मी घरातल्यापेक्षा जास्त बघितलाय.

तो कळसचाच गडी आठवतो का, पोराच्या लग्नाचा अल्बम घेऊन तणतणत आलेला? बाकावर बसायच्या आत त्यानं अल्बम उघडून तुमच्या नाकासमोर धरला.

"पोपटराव, ह्यो नवरा हाय का बुजगावणं?"

"आहो, ऊन मागनं व्हतं. मांडवात सावली, भाईर ऊन. मांडव घ्यावा तर भाईरचं पांढरं पडतंय, भाईरचं घ्यावं तर नवरा काळा पडतोय."

"आमाला बरं समदं दिसत व्हतं! नवरा बी दिसत व्हता, मांडव बी दिसत व्हता, भाईर बांधलेला बैल बी दिसत व्हता. तुमचा क्यामेरा काय आंधळा हाय?"

तो गेल्यावर तुम्ही तंबाखूची डबी काढलीत. मला वाटलं राग आलाय. तुम्ही म्हणालात, "माणूस खरं बोलतोय गं. डोळ्याला समदं दिसतं. कागदावर का येत न्हाय?"

मग मी तुम्हाला शिकवलं. डोळासुद्धा सगळं एकदम बघत नाही. उन्हाकडं वळला की बाहुली बारीक होते, सावलीकडं वळला की मोठी होते, आणि दोन्ही तुकडे मेंदू आत जोडून देतो. फिल्मला एकदाच उघडायचं आणि एकदाच मिटायचं असतं. एका उघडझापीत तिनं काय काय धरावं? तुम्ही ऐकून घेतलंत, तंबाखूची चिमूट परत डबीत टाकलीत आणि म्हणालात, "मग तिला तीनदा उघडू. एक आभाळासाठी, एक मधल्यासाठी, एक सावलीसाठी. आन् मेंदूचं काम आपण करू, अंधारखोलीत."

असं ते सुरू झालं. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, जराही हलू द्यायचा नाही, आणि एकाच देखाव्याचे तीन फोटो काढायचे, कमी उजेडाचा, मध्यम, जास्त उजेडाचा. मग एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हमधून दिवा सोडून खाली कागदावर चित्र मोठं पाडायचं ते यंत्र, त्याच्याखाली एकाच कागदावर तिन्ही उतरवायचे. आभाळ उतरवताना जमीन काळ्या पुठ्ठ्यानं झाकायची, जमीन उतरवताना आभाळ झाकायचं. पुठ्ठा एका जागी ठेवायचा नाही, हलकासा हलवत राहायचा, नाहीतर कागदावर रेघ उमटते. तुमचे हात त्या कामात असे चालायचे की मला वाटायचं, मेंढरामागं हिंडणाऱ्या तुमच्या आजोबांनी हातात काठी कशी धरली असेल ते मला दिसतंय.

लोक हसायचे. सगळीकडं व्हिडिओ शूटिंगचे लाइट लागले होते, रंगीत लॅब निघाल्या होत्या, आणि पोपट फोटोवाला स्टुडिओ बंद करून बांधावर काळ्या-पांढऱ्या फिल्मवर ढग काढत बसतोय. पहिला फोटो जमला तो आबांचा. लिंबाखाली आबा बसलेत, त्यांच्या मिशीचा केस न् केस दिसतोय आणि मागं आभाळात ढगांचे डोंगर. आबांनी तो हातात घेऊन उन्हात धरला, सावलीत धरला. म्हणाले, "आरं, आभाळ आलं व्हय फोटुत! आतापत्तुर आमी सगळी पांढऱ्या भितीम्होरंच बसल्यावानी दिसायचो."

आणि त्याच फोटोवरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी बघितलं आणि म्हटलं, हे खोटं आहे. आभाळात सूर्य लख्ख आहे आणि लिंबाची सावली जमिनीवर कुठंच नाही. पहिल्या फोटोच्या वेळी ऊन होतं, तिसऱ्याच्या वेळी ढग आडवा आला होता. दोन वेगळ्या वेळा तुम्ही एकीला एक चिकटवल्यात.

"बघणाऱ्याला कळत न्हाय."

"मला कळतं."

"तू बघणारी न्हाईस. तू तपासणारी हायस."

"तपासणारा नसला तर कुणी काहीही खपवेल."

"आगं, माणसाला आठवताना आपण काय करतो? सकाळचं त्वांड, दुपारचा आवाज, सांजंचं चालणं. समदं एकात घालूनच माणूस आठवतो ना? मग ते खोटं?"

मी म्हटलं होतं, हो, तेही खोटं. एक क्षण म्हणजे एक क्षण. उजेड बदलला की क्षण बदलला. तुम्ही पुढं कितीतरी महिने हे भांडण उकरून काढत होतात. जेवताना, एसटीत, कुणाच्या बारशात. मी माघार घेतली नाही. आजही मला वाटतं माझंच बरोबर होतं, आणि तेच मला आता खायला उठतंय.

गेल्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खूप खाली गेलं आणि पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ बाहेर आलं. बघायला माणसांची रीघ लागली होती. तुम्ही मात्र गर्दी ओसरायची वाट बघितलीत आणि वळवाचे ढग जमायला लागल्यावर म्हणालात, आज. उजेड मिनिटा-मिनिटाला पालटत होता. तो मारुती, मासेमारीच्या होडीतून आपल्याला पलीकडं नेणारा, वर बघत म्हणाला, "फोटोवाले, आज नगं. वारं सुटंल." तुम्ही स्टँड खांद्यावर टाकून होडीत बसलातसुद्धा.

सूर्य शिखराच्या मागं होता. सगळ्यात वाईट उजेड, म्हणून तुम्हाला तोच पाहिजे होता. तुम्हाला फोटोत माणूस हवा होता आणि माणूस मिळेना, म्हणून स्वतःच उंच चौथऱ्यावर जाऊन उभे राहिलात, आभाळाला डोकं लावून. कॅमेऱ्यामागं मी.

"मी हाललो तर समदं वाया. तू फकस्त दाबायचं आन् उजेडाचा आकडा बदलायचा."

"आणि मधेच ढग आला तर?"

"ढगाला इचारून दाब."

पहिला दाबला. तुम्ही खांबासारखे. आकडा बदलला तेवढ्यात सूर्य झाकला गेला. दुसरा दाबला तेव्हा तुम्ही कपाळावर हात धरून वर बघत होतात, ढग किती मोठा आहे ते. राहवतंय कुठं तुम्हाला! तिसऱ्यासाठी आकडा बदलत होते आणि मारुती होडीतून ओरडला, "वैनी, आमच्या देवळात ह्यो नवा देव बसवता का काय? ह्याला निवद कशाचा दावायचा, मटनाचा?"

तुम्ही मान मागं टाकून हसलात. सगळे दात दिसत होते. हसता हसता माणूस एक पळभर थांबतो, अगदी तेवढ्यात माझं बोट दाबलं गेलं.

फिल्म धुतल्यावर तुम्ही तिन्ही निगेटिव्ह दिव्यासमोर धरल्यात. पहिलीत असलं आभाळ होतं की मी तसलं आजवर कागदावर बघितलं नाही, ढगांच्या कडा पेटलेल्या. पण तुम्ही काळी आकृती. दुसरीत देवळाचे दगड एकेक मोजावेत असे; तुमच्या तोंडावर हाताची सावली. तिसरीत तुमचा चेहरा, पूर्ण, हसरा, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसकट. आणि मागचं आभाळ जळून गेलेलं. तुम्ही म्हणालात, "वाया. मीच हाललो. तीन ठिकाणी तीन डोकी, जोडणार कशी? पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की परत जाऊ." मी म्हटलं, जाऊ.

आता पाणी काठोकाठ आहे. देऊळ खाली गेलंय. तुम्ही गेलात. ह्या वाक्यात काय जोडायचं, सांगा?

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, भरपूर होते. एकही खाली येईना. सगळे हात जोडून उभे. आबा पुढं झाले. एवढा मोठा माणूस, आवाज पोरासारखा झाला होता. "पोपट्या, घराची काळजी करू नगंस बाळा. मी हाय अजून." कावळा नाही. दत्ताभावजी म्हणाले, "आण्णा, वैनीला काय कमी पडू देणार न्हाय." माझ्या देखत माझी हमी देत होते. कावळा नाही. कुणी म्हणालं स्टुडिओ चालू ठेवू, कुणी म्हणालं शेजाऱ्याशी चाललेला पत्र्याचा वाद मिटवू. ऊन चढायला लागलं.

मला कावळ्याचं कळतं हो. पन्नास माणसं घोळका करून उभी असली की पाखरू खाली उतरत नाही, ह्याला कुणाची इच्छा लागत नाही. हे मी मनात म्हणत होते आणि माझे पाय पुढं चालले होते. मी मोठ्यानं म्हणाले, "पळसदेवचा फोटो मी पुरा करते. तिन्ही जोडून. तेराव्याला तोच लावते."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मी बाभळीकडं बघत होते. अशी बघत होते, अशी, की मला माझीच लाज वाटली. ये ना रे. एकच ये. मला सगळं फिजिक्स खोटं ठरलेलं चालणार होतं त्या वेळी.

नाही आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याची चोच पिंडाला लावली. तुमच्या मनात काय राहिलं होतं, हे त्या गवताला कळलं असेल तर असो. मला नाही कळलं.

पण शब्द सगळ्यांनी ऐकला होता. घरी आल्या आल्या तुमच्या आत्याबाईंनी गाठलं. "आगं, तेरावा व्हायच्या आत उंबरा वलांडून इंदापूरला जाणार? लोकं शेण घालत्याल तोंडात."

"लोकांना फोटो पाहिजे ना, आत्याबाई? तो घरात बसून होत नाही."

दत्ताभावजी वेगळ्याच काळजीत होते. "वैनी, कुठला फोटो म्हंता? त्यो हसतोय त्यो? दात दिसत्यात त्यात. हाराचा फोटो असा असतोय व्हय?"

खरं आहे, असा नसतो. तुमच्याइतकं ते कुणाला माहीत? लोक लग्नाच्या घोळक्यातला बोटाच्या पेराएवढा चेहरा घेऊन यायचे, आमचा म्हातारा गेला, ह्यातनं मोठा करून द्या. आणि जाता जाता सांगायचे, त्वांड तेवढं मिटवा. बारीक ब्रश आणि पेन्सिल घेऊन तुम्ही मिटवायचात. किती जणांची तोंडं मिटवलीत तुम्ही! एकदा असंच कुणाचं तरी मिटवून झाल्यावर म्हणालात, "चांगला हसत व्हता गडी. मी बंद केला. ह्याचं पाप कुणाला लागतं गं बीएस्सी?" मी म्हटलं, आमच्या पुस्तकात पापाचा धडा नाही. तुम्ही हसलात, पण पेन्सिल लगेच उचलली नाहीत.

शेवटी आबाच उठले. म्हणाले, "जाऊ द्या तिला. तिचं काम हाय त्ये." आणि दत्ताभावजींना माझ्यासोबत धाडलं.

अंधारखोलीत तुमचाच वास होता. मी दार लावलं, पडदा ओढला, लाल दिवा लावला. भरदुपारी बाहेर इंदापूरची रहदारी चालली होती आणि आत मी एकटी. डब्यात कागद थोडाच उरला होता. तुम्ही पुण्याला सांगून ठेवलेला आलाच नव्हता. आता काळा-पांढरा कागद ठेवतंय कोण?

तुम्ही शिकवलंत तसंच केलं. आधी पांढऱ्या कोऱ्या कागदावर देवळाची कड पेन्सिलीनं काढून घेतली. मग पहिल्या निगेटिव्हचं आभाळ आणि तिसरीतला तुमचा चेहरा एका कागदावर उतरवला. औषधात कागद हलवत होते आणि चित्र वर येत होतं, आणि मी म्हणत होते, आलं, आलं. आलं ते काय आलं? तुम्ही हसताय आणि तुमच्या खांद्यामागून आणखी एक काळं डोकं वर आलंय, तुमचंच. स्वतःच्या मागं उभं राहून स्वतःवर नजर ठेवल्यासारखं.

मग पुठ्ठ्यातून त्या काळ्या आकृतीएवढा तुकडा कापला, म्हणजे ती उतरणार नाही. नाही उतरली. तिच्या जागी ढगांना माणसाच्या आकाराचं पांढरं भोक पडलं. ते भोक ढगानं बुजवायला गेले तर तिथं काजळी फासल्यासारखा डाग. मधली निगेटिव्ह घेतली तर तुमच्या हसऱ्या तोंडावर कपाळावरच्या हाताची सावली येऊन बसली. तीन डोकी, तीन जागा, तीन उजेड. कुठल्याही दोघांचं एकमेकांशी जमेना. मी त्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, बरोबर होतं ना माझं? एक क्षण म्हणजे एक क्षण, म्हणत होते ना? आणि भिंतीला डोकं टेकून रडले. जिंकल्याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. तुम्ही असता तर तुम्हाला जमलं असतं हो. तुम्ही खोटं कसं जोडायचं ते जाणत होतात. मला फक्त खोटं पकडता येतं.

बाहेरून भावजी हाक मारत होते. "वैनी, झालं का?" थोड्या वेळानं, "वैनी, यष्टी चुकंल हां." आणि मग अगदी हळू, "वैनी, बऱ्या हायसा ना?"

एकच कागद राहिला होता. मी ठरवलं, आभाळ नको. जोडणं नको. फक्त तिसरी निगेटिव्ह. दात दिसू देत, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. पण तुम्ही नुसत्या पांढऱ्या पोकळीत उभे दिसू नये, एवढंच वाटत होतं. जळालेल्या आभाळातही थोडा ढग दडलेला असतो, त्याला खूप वेळ उजेड द्यावा लागतो, हे तुमचंच. तेवढा वेळ चेहरा मात्र हातानं झाकून ठेवायचा, नाहीतर तो काळा पडतो. आधी आभाळ, मग माणूस. आभाळ झालं की हात काढायचा आणि मोजका उजेड चेहऱ्याला द्यायचा. हजारदा बघितलं होतं मी तुम्हाला करताना.

कागद ठेवला. एन्लार्जरचा दिवा लावला आणि चेहऱ्याच्या जागेवर हात धरला.

तुम्ही माझ्या हातावर आलात.

कागदावर पडणारं चित्र हातानं अडवलं की ते हातावर पडणारच, ह्यात नवल काही नाही. तरी मला धक्का बसला. माझ्या पालथ्या हातावर, बांगड्या काढलेल्या त्या हातावर, तुम्ही मान मागं टाकून हसत होतात. निगेटिव्हच ती, त्यात काळं ते पांढरं दिसतं. तुमचे केस पांढरेशुभ्र होते. भुवया पांढऱ्या. मिशी पांढरी. तुम्ही म्हातारे झाला होतात. आपण दोघं म्हातारे झालो असतो, आणि स्टुडिओच्या बाकावर बसून त्याच भांडणावर परत परत आलो असतो, तर तुम्ही जसे दिसला असता तसेच. माझ्या शिरांवरून तुमच्या सुरकुत्या गेल्या होत्या. हात हलता ठेवायचा असतो, मी तो हलवायचा विसरले. हलवला की तुम्ही बोटांवरून घसरत होतात, म्हणून स्थिर धरला.

आभाळाला लागणारा वेळ संपला. मला कळलं की संपला. आता हात काढायचा, आणि तुम्ही कागदावर. तेराव्याला भिंतीवर. कावळ्यासमोर दिलेला शब्द पुरा.

मी हात काढला नाही.

किती वेळ ते मला माहीत नाही. दिवा चालू होता, तुम्ही म्हातारे होऊन माझ्या हातावर हसत होतात, आणि हाताखालचा कागद तुमची वाट बघत कोरा राहिला होता. भावजींनी दार वाजवलं तेव्हा मी तशीच दुसऱ्या हातानं बटण बंद केलं.

तो कागद मी धुतला, पक्का केला, वाळवला. आभाळ आलंय. फिकं आहे, पण ढग आहेत, खरे, त्याच क्षणाचे, कुठून आणून चिकटवलेले नाहीत. देऊळ काळंकुट्ट झालंय. तुमचा शर्ट, तुमचे पाय चौथऱ्यावर. आणि खांद्यांच्या वर पांढरं, माझ्या पंजाच्या आकाराचं, बोटांच्या कडांसकट.

एसटीत भावजींनी विचारलं, "जमलं न्हाय व्हय, वैनी?" मी मान हलवली. त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. मग म्हणाले, "असूं द्या. म्या पुण्याला जाऊन कागुद आणतो. कुठं मिळतोय तेवढं लिवून द्या." त्यांना वाटतं कागद कमी पडला. चांगला आहे हो तुमचा भाऊ. मी त्यांना दुकान सांगितलंय. सोमवारी जाणार आहेत.

कागद येईल. निगेटिव्ह जपून ठेवल्यात. औषध करता येतं मला, लाल दिवा आहे, वेळ तर आता पुष्कळच आहे. मी परत दिवा लावीन आणि तुम्ही परत माझ्या हातावर याल. सगळं तुम्ही शिकवलंत, तेवढं एक राहिलं. तो हात काढायचा कसा, ते सांगा.